व्यवस्थापक गावचा की बाहेरचा? त्याआधी त्याचं काम सांगा

शेतकरी उत्पादक कंपनीचा, म्हणजे शेतकरीच जिचे सभासद आणि मालक असतात अशा कंपनीचा, व्यवस्थापक गावातला असावा की बाहेरचा, यावर सध्या विदर्भात चांगलाच वाद चालू आहे. तालुक्याची कार्यशाळा असो, बाजार समितीच्या आवारातली चहाची टपरी असो की संचालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप, दोन्ही बाजू आपापल्या जागी घट्ट बसल्या आहेत. एक बाजू म्हणते, एमबीए झालेला, शहरात चार वर्षं नोकरी केलेला माणूस आणल्याशिवाय या कंपन्या उभ्या राहणार नाहीत. गावची पोरं खताच्या दुकानापलीकडे बघतच नाहीत. दुसरी बाजू म्हणते, बाहेरचा येतो, लॅपटॉप उघडतो, अहवाल पाठवतो आणि पगार थांबला की बॅग भरून निघून जातो. आपली माती आणि आपली माणसं ज्याला कळतात तोच कंपनी चालवेल. वादाला आत्ताच धार यायला कारणही आहे. केंद्राच्या २०२० च्या दहा हजार शेतकरी उत्पादक संस्थांच्या योजनेत प्रत्येक संस्थेला व्यवस्थापनाच्या खर्चासाठी तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. व्यवस्थापकाचा पगार, महिना २५ हजारांपर्यंत, त्यातूनच भागतो. ज्या कंपन्या योजनेच्या सुरुवातीला नोंदल्या गेल्या, त्यांची तीन वर्षं सरली. पगार कंपनीच्या कमाईतून द्यायची वेळ आली, तेव्हा कुठे ‘हा माणूस नेमकं करतो काय’ हा प्रश्न संचालकांना पडू लागला.

तो पहिल्याच दिवशी पडायला हवा होता. व्यवस्थापक कुठला, हा प्रश्न माझ्या मते दुय्यम आहे. व्यवस्थापन हे स्वतंत्र काम आहे, त्याची कौशल्यं वेगळी आहेत आणि ती शिकता येतात. मी पाहिलेल्या बहुतेक कंपन्यांनी मात्र हे काम कुणालाच सोपवलेलं नाही, गावच्यालाही नाही आणि बाहेरच्यालाही नाही. खुर्ची दिली, शिक्का दिला, काम दिलं नाही. मग बाहेरचा कंटाळून जातो आणि गावचा अध्यक्षांच्या फोनची वाट बघत बसतो. दोघांच्या अपयशाचं मूळ एकच असताना आपण त्यांच्या जन्मगावावर भांडतोय.

कायद्याने तर हे केव्हाच सांगून ठेवलंय. उत्पादक कंपनी हा प्रकार २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात आला. त्यामागे अर्थतज्ज्ञ योगिंदर अलघ यांच्या समितीचा विचार होता: मालकी शेतकऱ्यांची, मनोवृत्ती सहकाराची, शिस्त कंपनीची. आजच्या कंपनी कायद्याच्या कलम ३७८ डब्ल्यूनुसार प्रत्येक उत्पादक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी, म्हणजेच आपला व्यवस्थापक, असलाच पाहिजे, तो सभासदांमधला नसावा, तो पदसिद्ध संचालक असतो, आणि संचालक मंडळाने त्याला व्यवस्थापनाचे भरीव अधिकार द्यायचे असतात. बँक खातं चालवणं, रोकड सांभाळणं, हिशेब ठेवणं, कामाला माणसं नेमणं, सभासदांना वेळोवेळी माहिती देणं, उद्दिष्टं आणि योजना आखायला मंडळाला मदत करणं, ही सगळी कामं त्यात लिहिलेली आहेत. म्हणजे ‘आपल्यातलाच एक सभासद बसवून टाकू’ ही सोय कायद्यातच नाही. प्रत्यक्षात होतं काय? शेअर नावावर नसलेला भाचा किंवा पुतण्या शोधला जातो, त्याच्याकडून सह्या घेतल्या जातात आणि खरेदी-विक्रीचे निर्णय अध्यक्षांच्या ओसरीवर होतात. अशा मुलाला आपण व्यवस्थापक म्हणायचं आणि ‘गावचा माणूस चालत नाही’ असा निष्कर्ष काढायचा, हा त्या मुलावर अन्याय आहे.

मग काम आहे तरी काय? हेन्री फेयॉल नावाचा फ्रेंच अभियंता १८६० मध्ये कोमांत्रीच्या कोळसा खाणीवर नोकरीला लागला, १८८८ मध्ये डबघाईला आलेल्या त्याच कंपनीचा प्रमुख झाला आणि त्याने ती सावरली. खाणीवरच्या अनुभवातून १९१६ मध्ये त्याने व्यवस्थापकाची पाच कामं मांडली: पुढचं ठरवणं, माणसं आणि साधनं लावणं, आदेश देणं, मेळ घालणं आणि ठरलं तसं होतंय की नाही ते बघणं. वणी-चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यात खाणीवर काम केलेल्या माणसाला यातलं काहीच नवीन वाटणार नाही. फेयॉलचा आग्रह मात्र लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो म्हणत होता की हे काम जन्मजात गुणांवर सोडून देण्यासारखं नाही, ते शिकवता येतं आणि शिकवलंच पाहिजे. आपल्याकडे खाण, जिनिंग, शाळा, दवाखाना सगळीकडे कसबाचं शिक्षण आहे. शेतकऱ्यांची कोट्यवधींची उलाढाल ज्याच्या हाती द्यायची त्याला मात्र दोन दिवसांचं प्रशिक्षण, जेवण आणि प्रमाणपत्र.

पुढचं ठरवणं म्हणजे काय, ते आपल्या तालुक्यांत बंद पडलेल्या धान्य सफाई-प्रतवारीच्या युनिटकडे बघून कळतं. ताशी एक टन क्षमतेचं यंत्र रोज आठ तास, महिन्याला पंचवीस दिवस चालवलं तर २०० टन माल काढतं, म्हणजे २,००० क्विंटल. ज्या कंपनीकडे वर्षाला जेमतेम २,००० क्विंटल सोयाबीन-तूर येते, तिचं यंत्र एक महिना चालणार आणि अकरा महिने गंजणार. हप्ता, विजेचा स्थिर आकार आणि ऑपरेटरचा पगार मात्र बारा महिने. हे गणित सातवीच्या मुलाला सुटेल. तरी ते यंत्र घेण्याआधी कुणी मांडलं नाही, कारण यंत्र अनुदानावर येत होतं आणि ‘मांडणं’ हे कुणाचंच काम नव्हतं. शेड उभी राहिली की फोटो निघतो. माल कुठून येईल, कोण विकत घेईल, बाकीचे अकरा महिने दुसऱ्याचा माल भाड्याने साफ करून देता येईल का, या प्रश्नांना फोटो नसतो.

दुसरं उदाहरण बियाण्याचं. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात काढणीच्या तोंडावर पाऊस कोसळला आणि सोयाबीन भिजलं. त्याच्या पुढच्या जूनमध्ये, २०२० च्या खरिपात, कितीतरी शेतांत पेरलेलं उगवलं नाही, दुबार पेरणी करावी लागली, तक्रारींचा पाऊस पडला. तेव्हा सगळा राग बियाणे कंपन्यांवर निघाला आणि तो बऱ्याच अंशी रास्तही होता. पण एक प्रश्न उरतोच. भिजलेला दाणा बी म्हणून दगा देणार, हे नोव्हेंबरात दिसत नव्हतं का? ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीने मांडून गुंडाळायचे, ओल टिकवायची, आणि आठवडाभराने मोजायचे. सत्तर उगवले तर बी, नाही तर तेलाचा माल. एवढी उगवण चाचणी पन्नास सभासदांच्या घरच्या बियाण्यावर डिसेंबरात झाली असती, तर एप्रिलपर्यंत चांगलं बी कुठे शिल्लक आहे ते कळलं असतं. चाचणी करता येणं हे तंत्र. नोव्हेंबरच्या पावसात जूनची पेरणी दिसणं हे व्यवस्थापन. कृषी पदवीधराला पहिलं येतं, दुसरं येईलच असं नाही. आणि चौथी शिकलेल्या एखाद्या बाईला दुसरं आपसूक येत असतं.

नियंत्रणाचं, म्हणजे ठरलं तसं होतंय की नाही ते बघण्याचं, काम सर्वांत अवघड, कारण त्यात नाही म्हणावं लागतं. वाशीम जिल्ह्यातल्या एका शेतकरी कंपनीच्या खरेदी केंद्रावर २०२४ च्या हंगामात मी हे जवळून पाहिलं. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये, बाजारभाव त्याच्या बराच खाली, त्यामुळे केंद्राबाहेर ट्रॅक्टरची रांग. बारदाना अपुरा, हमाल वैतागलेले. ओलाव्याची मर्यादा तेव्हा १२ टक्के होती. पुढे सरकारने ती १५ पर्यंत शिथिल केली, पण त्या दिवशी नियम बाराचा होता. एका संचालकांची ट्रॉली काट्यावर आली. व्यवस्थापक म्हणजे तिशीतला, गावातलाच मुलगा. त्याने तीन ठिकाणचे दाणे घेऊन मीटर लावलं आणि हळू आवाजात म्हणाला, “भाऊ, मीटर पंधरा सांगून रायलं. दोन दिवस ताडपत्रीवर वाळवा न् आणा.” संचालक म्हणाले, “काऊन बा? आपल्याच मानसाचा माल वापस करतं काय? टाक ना चांगल्या मालात मिसळून.” मुलाने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी फोन कानाला लावला. माल घेतला गेला.

यात कंपनीचं काय गेलं? १५ टक्के ओलाव्याचे १०० क्विंटल सोयाबीन १२ टक्क्यांवर वाळलं की साडेशहाण्णव क्विंटलच्या आसपास उरतं. तूट जवळपास साडेतीन क्विंटल, हमीभावाने साडेसोळा हजार रुपये. पण खरं नुकसान त्याहून मोठं होतं. रांगेत मागे एक म्हातारा शेतकरी उभा होता. त्याने आपला माल चार दिवस रस्त्याच्या कडेला वाळवून, चाळणी मारून आणला होता. त्याने सगळं बघितलं. पुढच्या वर्षी तो कशाला वाळवेल? आणि त्या मुलाच्या जागी बाहेरचा एमबीए असता तर काय वेगळं झालं असतं? त्यानेही अध्यक्षांकडेच पाहिलं असतं, कारण माल नाकारण्याचा अधिकार कागदावर त्याच्याही नावाने नव्हता.

कौशल्यांच्या बाबतीत १९५५ मध्ये रॉबर्ट काट्झ या अमेरिकन व्यवस्थापन-अभ्यासकांनी केलेली मांडणी मला आजही सर्वांत कामाची वाटते. व्यवस्थापकाला तीन प्रकारची कौशल्यं लागतात: कामाचं तंत्र, माणसं हाताळणं, आणि सगळ्या गोष्टी एकमेकींत कशा गुंतल्या आहेत ते बघण्याची नजर. खालच्या पातळीवर तंत्र जास्त लागतं, वर जावं तशी नजर जास्त लागते, माणसं हाताळणं सगळीकडेच लागतं. आपल्या वादातल्या दोन्ही बाजू यातलं एकेक कौशल्य धरून बसल्या आहेत. एमबीएवाले तंत्रावर अडलेत: जीएसटी, प्रकल्प अहवाल, सादरीकरण. गाववाले माणसांवर अडलेत. तिसऱ्याचं नावही कुणी घेत नाही, आणि छोट्या कंपनीत तर तिन्ही एकाच माणसात लागतात, कारण तिथे वरची पातळी आणि खालची पातळी म्हणजे एकच टेबल. हेन्री मिंट्झबर्ग या कॅनडाच्या व्यवस्थापन-अभ्यासकांनी पाच संस्थाप्रमुखांचा दिवस प्रत्यक्ष बघून १९७३ मध्ये लिहिलं की त्यांची निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत संपणारी होती. आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात कंपनीच्या निविष्ठा केंद्रावर सकाळी जाऊन बसा. खताचा ठोक विक्रेता सांगतो, डीएपी पाहिजे तर लिंकिंगमध्ये दुसऱ्या बाटल्या उचलाव्या लागतील. तो फोन ठेवेपर्यंत एक सभासद उधारीवर पाच बॅगा मागतो, बँकेतून कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाची आठवण येते, सीएला जीएसटीचे आकडे हवे असतात, आणि दारात कुणीतरी विचारतं, पेरू का थांबू? या गर्दीत कोणत्या फोनला लगेच उत्तर द्यायचं, कोणता निर्णय संध्याकाळपर्यंत राखून ठेवायचा आणि कोणता मंडळासमोर न्यायचा, हे ओळखणं म्हणजेच व्यवस्थापकाचं रोजचं काम. ते पदवीत शिकवत नाहीत आणि गावात राहिल्याने आपोआप येत नाही.

गाववाल्यांच्या बाजूत तथ्य नाही असं नाही. विश्वास हे कंपनीचं खरं भांडवल आहे. ज्याची शेती माहीत, ज्याचा बाप माहीत, त्याच्या शब्दावर शेतकरी माल उधार सोडतो. अनोळखी माणसाला काटापट्टी तीनदा तपासून विचारतो. शिवाय बाहेरचा टिकत नाही, हेही खरं आहे. २५ हजारांत भाड्याची खोली, मोटारसायकलचं पेट्रोल आणि घरी पाठवायचे पैसे बसवून कुणी पाच वर्षं राहावं ही अपेक्षाच चुकीची. गावाने स्वतः कारभार करून दाखवल्याचं उत्तम उदाहरणही विदर्भातच आहे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. बांबू तोडणं, मोजणं, विकणं, मजुरी वाटणं, हिशेब ठेवणं, हे सगळं गावाने केलं. पण मेंढ्याचं नाव घेताना आपण अर्धीच गोष्ट सांगतो. त्या गावात ग्रामसभेच्या जोडीला अभ्यासगट होता. निर्णय सर्वसहमतीने ग्रामसभेत, पण त्याआधी कायदा, नियम, आकडे यांची चर्चा अभ्यासगटात, आणि त्या चर्चेत बाहेरून आलेली जाणकार माणसंही बसत. वर्षानुवर्षं गावाने कारभार शिकून घेतला. ‘गावचा माणूस’ म्हणून ते जमलं नाही. शिकलेला गावचा माणूस म्हणून जमलं. आपल्या किती कंपन्यांच्या मंडळाने स्वतःच्या कंपनीचा ताळेबंद एकदा तरी एकत्र बसून वाचलाय?

बाहेरच्याची बाजू घेणाऱ्यांचाही एक मुद्दा बिनतोड आहे: भाऊबंदकी. गावच्या माणसाला उधारी वसूल करताना मामा आडवा येतो, पक्ष आडवा येतो, लग्नातलं मानपान आडवं येतं. पण याचं उत्तर बाहेरची पदवी आहे का? वर्ध्याच्या मगनवाडीकडे बघा. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचा कारभार तिथून जे. सी. कुमारप्पा यांनी चालवला. तंजावरचे तमिळ ख्रिस्ती, लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेले, अमेरिकेत व्यापार आणि अर्थशास्त्र शिकलेले. याहून बाहेरचा माणूस कोणता असेल? पण वर्ध्याला येण्याआधी त्यांनी गुजरातमधल्या मातर तालुक्यात घरोघर फिरून शेतकऱ्यांच्या उत्पन्नाची पाहणी केली होती. १९३४ च्या बिहार भूकंपाच्या मदतनिधीचे हिशेब सांभाळताना त्यांनी गांधीजींच्या आणि त्यांच्यासोबतच्या मंडळींच्या खर्चासाठीही निधीतला पैसा द्यायला नकार दिला, आणि गांधीजींनी तो नकार मान्य केला. ही दोन कामं, आधी मोजणं आणि मग नाही म्हणणं, त्यांना त्यांच्या पदवीपेक्षा मोठी करून गेली. आणि दुसऱ्या कामाला दोन माणसं लागली: नकार देणारा कुमारप्पा आणि तो ऐकून घेणारा गांधी. आपल्या खरेदी केंद्रावर त्या दिवशी दुसऱ्या माणसाची जागा रिकामी होती.

आता सर्वांत जड आक्षेप. शेतकरी चळवळीत आयुष्य घातलेली माणसं म्हणतात, तुम्ही व्यवस्थापनाच्या गोष्टी करता, इथे दुखणं भावाचं आहे. आयात शुल्क कमी-जास्त होतं, वायदे बाजारातले सौदे बंद होतात (सोयाबीनचे डिसेंबर २०२१ पासून बंद केले गेले), हमीभाव जाहीर होतो आणि खरेदी उशिरा सुरू होते. यात बिचारा व्यवस्थापक काय करणार? सगळा दोष त्याच्यावर ढकलणं म्हणजे धोरणाचं पाप शेतकऱ्याच्या माथी मारणं. हा आक्षेप मी मनापासून मान्य करतो. कोणताही व्यवस्थापक खाद्यतेलाचं आयात शुल्क ठरवत नाही, आणि भावासाठीची लढाई कंपनीच्या कार्यालयात लढली जाणार नाही. ती रस्त्यावर आणि विधिमंडळातच लढावी लागेल. पण भाव मिळाला की बाकी सगळं आपोआप जमतं, असं म्हणणाऱ्याने विदर्भाचाच इतिहास आठवावा. १९७२ पासून जवळपास तीन दशकं महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. ग्राहक ठरलेला, म्हणजे सरकार, आणि भाव जाहीर झालेला. तरी ग्रेडरच्या मर्जीवर प्रत ठरायची, चुकाऱ्यांसाठी शेतकरी महिनोन् महिने थांबायचा, इथला भाव जास्त असला की सीमेपलीकडचा कापूस इकडे यायचा आणि कमी असला की इथला तिकडे जायचा. तोटा साचत गेला आणि योजना संपली. हेतू शेतकऱ्याच्या बाजूचा होता, पैसाही होता. रोजचा कारभार नव्हता. उद्या चळवळीला हवा तो भाव मिळाला, तर तो शेतकऱ्याच्या खात्यात पोहोचवणार कोण?

पूर्व विदर्भातल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांची गोष्ट याहून बोलकी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने आणि मालगुजारांनी (गावाचा महसूल गोळा करणाऱ्या जमीनदारांनी) बांधलेले हजारो तलाव आहेत. नवेगाव बांध त्यातलाच. तलावाबरोबर कारभारही बांधलेला होता: गाळ कधी काढायचा, पाळीची (तलावाच्या बांधाची) डागडुजी कोणी करायची, कोणत्या बांधीला (भाताच्या खाचराला) आधी पाणी, मासे कोणाचे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, आणि ती जायलाच हवी होती, कारण त्या कारभारात कष्टकऱ्याचं शोषण होतं. पण मालगुजारीबरोबर पाण्याचा कारभारही गेला. तलाव सरकारी खात्याकडे आले आणि गाव ‘आता सरकार बघेल’ म्हणून बाजूला झालं. पाळी फुटल्या, गाळ साचला, अतिक्रमणं झाली. मालकी बदलताना कारभार कोणाच्या हाती देतोय, हे विचारायचं राहून गेलं. शेतकरी कंपन्यांत आपण मालकी शेतकऱ्याला दिली आणि पुन्हा तोच प्रश्न विचारायचा राहिला.

व्यवस्थापक मिळत नाहीत, ही तक्रार मला पटत नाही, कारण आपण जिथे ते तयार होतात तिथे बघतच नाही. माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळाच्या) आणि नंतर आलेल्या उमेदच्या (राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) बचत गटांत वर्षानुवर्षं एक शाळा चालू आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित लेखे. ही पंचसूत्री बायका पाठ म्हणत नाहीत, जगतात. दर आठवड्याला जमणाऱ्या गटाची सचिव दहा जणींची बचत मोजते, पोराच्या आजारपणाला कर्ज आधी की शेळी घ्यायला आधी यावर भांडणं मिटवते, स्वतःच्या जावेकडून हप्ता वसूल करते आणि रात्री इतिवृत्त लिहून सह्या घेते. भाऊबंदकीत नाही कसं म्हणायचं, हे तिच्याइतकं विदर्भात कोणाला येतं? ग्रामसंघ, प्रभागसंघ, लोकसंचालित साधन केंद्र अशी पायरी चढलेल्या कितीतरी बायका लाखोंच्या उलाढालीचे हिशेब बघतात. तंत्रात त्यांना काय कमी पडतं? बाजाराचे करार, जीएसटी, कंपनी कायद्याची विवरणपत्रं. हे सहा महिन्यांत शिकवता येतं. शेतकरी कंपनीने व्यवस्थापक नेमताना मात्र जाहिरातीत ‘कृषी पदवीधर, दुचाकी आवश्यक’ लिहायचं आणि मुलाखतीला आलेल्या बाईला ‘घर सांभाळून जमेल का’ विचारायचं. ज्या मंडळांनी हे विचारलंय त्यांनी आपल्याच गावातल्या गटाचं इतिवृत्त एकदा मागून वाचावं, आणि शेजारी आपल्या कंपनीचं ठेवावं.

व्यवस्थापक निवडल्यावर मंडळाला मागे सरकावं लागतं, आणि हे निवडीपेक्षा कठीण आहे. मे १९४९ मध्ये आणंदला आलेले आणि पुढे अमूल दूध संघ उभा करणारे व्हर्गीस कुरियन केरळचे होते, अमेरिकेत शिकलेले होते, गुजरातीत त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. तरी ते चालले, कारण त्रिभुवनदास पटेल हे खेड्यातल्या शेतकऱ्यांचे नेते अध्यक्ष होते आणि दोघांचं काम वाटलेलं होतं. गावांचा विश्वास आणि राजकारण अध्यक्षांनी सांभाळायचं. दूध, यंत्रं, माणसं, विक्री व्यवस्थापकाने. आपल्याकडे कुरियनची गोष्ट सगळे सांगतात, त्रिभुवनदासांची कोणी सांगत नाही. आपल्याला आज जास्त टंचाई त्रिभुवनदासांची आहे. मंडळाने वर्षातून एकदा धोरण ठरवावं, महिन्यातून एकदा आकडे तपासावेत, चूक झाली तर जाब विचारावा आणि गरज पडली तर व्यवस्थापक बदलावा. काट्यावर उभं राहू नये. आणि ही वाटणी तोंडी नको, ठरावात हवी: किती रुपयांपर्यंतची खरेदी तो स्वतःच्या अधिकारात करेल, उधारीची मर्यादा कोणाला किती, माणसं कोण नेमेल, आणि मालाची प्रत कोण ठरवेल. वार्षिक विवरणपत्र वेळेत न भरल्यास प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क लागतं; ते कोणाच्या निष्काळजीपणाने लागलं हेही त्या ठरावामुळे ठरेल.

राहिला पगार. अनुदान संपल्यावर महिना २५ हजार कुठून आणायचे, असं प्रत्येक मंडळ विचारतं. वर्षाला ३ लाख. ५०० सभासदांनी सरासरी २० क्विंटल माल कंपनीतून विकला तर १० हजार क्विंटल होतात. व्यवस्थापकाचा भार क्विंटलमागे ३० रुपये. आता दुसरा आकडा शेजारी ठेवा. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये. बाराच्या वर एक टक्का ओलावा असलेला माल आपण डोळे मिटून घेतला, तर वाळल्यावर क्विंटलमागे साधारण ६० रुपये जातात. फक्त एक टक्का. यात चुकलेली प्रत, बुडालेली उधारी, गंजलेलं यंत्र काहीच धरलेलं नाही. सप्टेंबरअखेर कंपन्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतात आणि सोयाबीन ऑक्टोबरात यायला लागतं. या सभेच्या विषयपत्रिकेवर ‘आयत्या वेळचे विषय’ याच्या वर दोन विषय सभासदांनी स्वतः मागून घ्यावेत: क्विंटलमागे ३० रुपये व्यवस्थापन निधीला मंजुरी, आणि संचालकाच्या ट्रॉलीसह कोणाचाही माल नाकारण्याचा व्यवस्थापकाला लेखी अधिकार.